चाकांवरचे घर आणि आगीचे बेट

प्रवासाच्या नियोजनाचे जे प्रकार माणसाने आजवर हाताळले आहेत, त्यांत चाकांवरचे घर घेऊन ज्वालामुखीच्या बेटावरील राष्ट्रीय उद्यानात जाण्याचे नियोजन हा प्रकार स्वतंत्र अभ्यासाला पात्र आहे. कारण रस्त्याखेरीज जिचा काडीचाही उपयोग नाही अशी गाडी, जिथपर्यंत रस्ताच जात नाही असे बेट आणि बेटावर जो काही रस्ता आहे तो अधूनमधून गिळून टाकणारा डोंगर, या तिघांची मोट नियोजकाला एकाच तक्त्यात बांधावी लागते. या प्रकाराचे अस्सल उदाहरण अमेरिकेत सापडते. तिथे घर मुख्य भूमीवर असते, ज्वालामुखी हवाईच्या बेटावर असतो आणि त्या दोहोंच्या मध्ये सुमारे ३,८०० किलोमीटर पॅसिफिक महासागर असतो, ही बाब नियोजनाच्या पहिल्या टप्प्यात सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. त्याचा सगळा दोष नियोजकाला देता येणार नाही. अमेरिकेच्या नकाशांत हवाई बेटे जागेअभावी डाव्या हाताला खाली, मेक्सिकोच्या शेजारी, एका चौकटीत छापण्याची प्रथा आहे, आणि असा नकाशा पाहत वाढलेल्या माणसाची लॉस एंजेलिसच्या पुढे डावीकडे वळले की हवाई लागते अशी समजूत झाली, तर ती भूगोलाची नव्हे, छपाईची चूक मानली पाहिजे.

ज्या वाहनाला अमेरिकेत 'आरव्ही' म्हणतात त्याचे पूर्ण नाव 'रिक्रिएशनल व्हेइकल', म्हणजे करमणुकीचे वाहन, असे आहे. महाराष्ट्रात तेच 'कॅराव्हॅन' या नावाने ओळखले जाते आणि २०२१ मध्ये राज्य सरकारने त्यासाठी पर्यटन धोरणही आखले. या वाहनात पलंग, शेगडी, फ्रीज, मोरी आणि संडास एवढ्या गोष्टी एका खोलीत बसवलेल्या असतात आणि त्या खोलीला इंजिन जोडलेले असते. १९१० मध्ये पिअर्स-ॲरो या कंपनीने न्यूयॉर्कमध्ये जी 'टूरिंग लँडॉ' नावाची गाडी मांडली, तिच्यात मागची बैठक उलगडून पलंग करता येत असे, चालकाच्या पाठीमागे घडीचे हात धुण्याचे भांडे होते आणि बैठकीखालच्या व्यवस्थेत शौचपात्राचाही समावेश होता. म्हणजे मुळातली कल्पना पहिल्याच फटक्यात पूर्ण झाली होती आणि पुढच्या शंभर वर्षांत तिच्यात भर पडली ती मुख्यतः लांबीची. निसर्गात जाऊन साधेपणाने राहावे हे या वाहनामागचे तत्त्वज्ञान हेन्री फोर्ड, थॉमस एडिसन आणि टायरवाले हार्वी फायरस्टोन यांनी १९१५ ते १९२४ या काळात आपल्या सहलींनी लोकप्रिय केले, मात्र त्या साधेपणासोबत आचारी, नोकरचाकर आणि स्वयंपाकाची स्वतंत्र गाडी असे. आजच्या आरव्हीत तोच साधेपणा आचाऱ्याशिवाय उपभोगावा लागतो, एवढाच काय तो फरक.

या वाहनाचे खरे शास्त्र त्याच्या टाक्यांत आहे. एका टाकीत पिण्यावापरण्याचे स्वच्छ पाणी असते. दुसरीत मोरीचे व भांडी घासल्याचे पाणी साठते, त्याला 'ग्रे वॉटर' म्हणजे करडे पाणी म्हणतात. आणि तिसरीत संडासाचा मैला साठतो, त्याला सभ्यपणाने 'ब्लॅक वॉटर', म्हणजे काळे पाणी, असे म्हणतात. जिथे गाडी उभी करायची तिथे वीज, पाणी आणि सांडपाण्याची नळी जोडण्याची सोय असल्यास त्या सोयीला 'हुकअप' असे नाव आहे, आणि नुसत्या टाक्या रिकाम्या करण्याच्या ठिकाणाला 'डंप स्टेशन' म्हणतात. तिथला विधी ठरलेला आहे. कुटुंबप्रमुखाने रबरी हातमोजे चढवावेत, हाताच्या मनगटाएवढी जाड घडीची नळी गाडीच्या पोटातून ओढून काढावी, तिचे एक टोक गाडीला आणि दुसरे जमिनीतल्या भोकाला घट्ट बसले आहे याची दोनदा खात्री करावी, आणि मग आधी काळ्या पाण्याची झडप उघडावी व ती टाकी रिती झाल्यावरच करड्या पाण्याची, म्हणजे साबणाचे पाणी मागून येऊन नळी धुऊन काढते. हा क्रम उलटा झाल्यास काय होते याचे वर्णन अमेरिकन सहलवाङ्मयात विपुल असले, तरी ते जेवणाच्या वेळी वाचण्याजोगे नाही. अशा वेळी कुटुंबातील इतर सदस्य गाडीपासून बरेच दूर उभे राहून निसर्गसौंदर्याचे निरीक्षण करीत असतात.

सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराभोवती वस्ती केलेल्या मराठी अभियंत्यांच्या कुटुंबांत या सहलींचे वेड अलीकडे बरेच रुजले आहे, आणि त्यांनी मूळ अमेरिकन परंपरेत एका मौलिक गोष्टीची भर घातली आहे, ती म्हणजे एक्सेलचा तक्ता. अमेरिकन निवृत्त जोडपे नकाशा, पेन्सिल आणि कुत्रा एवढ्यावर महिनोन्महिने फिरते. मराठी अभियंता मात्र चार दिवसांच्या सहलीसाठी अनेक पानांचा तक्ता करतो, ज्यात खर्चाचे पान, हवामानाचे पान, जेवणाचे पान, 'प्लॅन बी'चे पान आणि तो फसल्यास काय करायचे याचे आणखी एक पान असते, आणि हा तक्ता तो सहप्रवासी कुटुंबांना पाठवतो, जी कुटुंबे तो न उघडता अंगठा दाखवतात. जेवणाच्या पानावर पहिल्या दिवसासाठी थालीपीठ, दुसऱ्यासाठी पावभाजी आणि तिसऱ्यासाठी 'जे उरले असेल ते' अशी नोंद आढळते, आणि संपूर्ण तक्त्यात प्रत्यक्षात शब्दशः खरी ठरणारी नोंद बहुधा हीच तिसरी असते.

या नियोजनाची खरी परीक्षा पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेल्या आईकडून होते. गाडीचे फोटो मुलगा मोठ्या हौसेने दाखवतो, आई ते चष्मा वर करून, फोन लांब धरून नीट पाहते आणि विचारते, "अरे, पण हा संडास स्वयंपाकाच्या ओट्याला लागून कसा?" मुलगा सांगतो की दार बंद होते, पंखा आहे, वास येत नाही. आई म्हणते, "वासाचं राहू दे. आणि तो साफ कोण करणार?" यावर मुलगा टाक्यांची रचना समजावून सांगू लागतो, तेव्हा ती मध्येच थांबवून विचारते, "म्हणजे एवढे डॉलर मोजून संडास आपणच उपसायचा? मग हॉटेल काय वाईट होतं?" चाकांवरच्या घराच्या अर्थशास्त्रावर झालेल्या टीकेत याहून नेमकी टीका सापडणे कठीण आहे. ताशी गॅलन मोजून इंधन पिणारी गाडी, तिचे दिवसाचे भाडे, मैलांवर वेगळी आकारणी, शेवटी सफाईचे शुल्क आणि रात्री उभे राहण्याच्या जागेचे पैसे अशी बेरीज केल्यास ती बऱ्यापैकी हॉटेलच्या जवळ जाते किंवा त्यापुढे जाते, हे तक्त्याच्या खर्चाच्या पानावर स्पष्ट दिसत असते. म्हणूनच ते पान मुलाने आईला दाखवलेले नसते.

आता समुद्राकडे वळले पाहिजे. मुख्य भूमीवरून हवाईला गाडी चढवून नेणारी प्रवासी बोट अस्तित्वात नाही, आणि हवाईच्या एका बेटावरून दुसऱ्यावर गाडी नेणारी प्रवासी बोटही नाही. अशी बोट सुरू करण्याचा एक मोठा प्रयत्न २००७ मध्ये 'हवाई सुपरफेरी' या नावाने झाला; पर्यावरणावर होणाऱ्या परिणामांचा अभ्यास न करता ती सुरू केल्याचा आक्षेप होता, काउआई बेटाच्या बंदरात शेकडो लोकांनी निदर्शने केली आणि त्यांतल्या कित्येकांनी लाटांवर तरंगण्याच्या फळ्यांवर बसून बोटीची वाट अडवली, पुढे प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २००९ मध्ये ही सेवा बंद पडली. ज्वालामुखी ज्या बेटावर आहे, त्या बेटापर्यंत ती कधी पोचलीच नाही. राहिला मालवाहू जहाजाचा मार्ग. त्यात गाडी मालासारखी पाठवता येते, पण गाडीच्या टाकीत पावभागाहून अधिक इंधन चालत नाही, शेगडीच्या गॅसवर निर्बंध असतात, आत सामानसुमान ठेवायचे नसते आणि मालकाने स्वतः आत बसून जायचे तर नसतेच. म्हणजे घर जहाजाने जाते, घरातली माणसे विमानाने जातात, आणि घरातली भांडीकुंडी तिसऱ्याच मार्गाने पाठवावी लागतात. एकत्र कुटुंबपद्धतीचे एवढे विघटन सहलीच्या निमित्ताने क्वचितच घडत असेल.

समजा, हे सर्व पार पाडून घर बेटावर उतरले. बेटाचे नावही हवाईच आहे, आणि राज्याच्या नावाशी गोंधळ होऊ नये म्हणून लोक त्याला 'बिग आयलंड', म्हणजे मोठे बेट, म्हणतात. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १०,४३० चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याच्या पावणेतीन पटींहून अधिक, आहे आणि हवाईची बाकी सर्व बेटे एकत्र केली तरी ती याच्यापेक्षा लहान भरतात. तरीही त्याला वळसा घालणारा मुख्य रस्ता साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे, आणि सकाळी लवकर निघालेला माणूस अंधार पडेपर्यंत सगळे बेट फिरून मूळ जागी येऊ शकतो. हजारो मैल भटकंतीसाठी घडवलेले घर अशा ठिकाणी आणल्यावर ते दुपारच्या चहापर्यंत आपली सगळी महत्त्वाकांक्षा संपवून बसते. उद्यान हिलो या गावापासून सुमारे ४८ किलोमीटरवर आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या कोनापासून सुमारे १५४ किलोमीटरवर आहे. हिलोत वर्षाकाठी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, त्यामुळे कोकणातल्या माणसाला तिथे हवापालट झाल्याचे जाणवण्याचा संभव कमी.

संध्याकाळी सहा वाजता मात्र कायदा आडवा येतो. हवाई राज्याच्या वाहतूक कायद्यात असे कलम आहे की, सार्वजनिक रस्त्यावर किंवा सरकारी जागेत उभ्या केलेल्या वाहनाचा वापर कोणीही संध्याकाळी सहापासून सकाळी सहापर्यंत राहण्यासाठी करू नये, मग ते वाहन राहण्यासाठी बनवलेले असो वा नसो. परवानगीच्या तळांवर अर्थातच सूट आहे, पण कलमातील शेवटचे शब्द बारकाईने वाचण्याजोगे आहेत, कारण कायदा करणाऱ्याच्या डोळ्यांपुढे दोन्ही प्रकारचे गुन्हेगार होते : मोटारीत चुकून झोपलेला आणि झोपण्यासाठीच मोटार घेतलेला. ज्या वस्तूचा जन्मच रात्री आत झोपण्यासाठी झाला, तिचा तो उपयोग सोडून बाकी सर्व उपयोग दिवसाढवळ्या करण्यास पूर्ण मुभा आहे. किनाऱ्यावरच्या सरकारी उद्यानांत मुक्काम करायचा तर आगाऊ परवाना काढावा लागतो. राष्ट्रीय उद्यानात दोन तळ आहेत. त्यांपैकी नामाकानिपाइओ हा सुमारे १,२०० मीटर उंचीवर निलगिरी आणि ओहिआच्या झाडांत वसलेला असून तिथे रात्री थंडी वाजते, आणि कुलानाओकुआइकी हा त्याहून आत, एका अरुंद रस्त्यावर असून तिथे पिण्याचे पाणीदेखील नाही. हुकअप दोन्हीकडे नाहीत. टाक्या रिकाम्या करण्याची सोय उद्यानात कुठेच नाही, आणि त्यामुळे आईने पुण्याच्या बाजूने उपस्थित केलेला प्रश्न इथे, समुद्रसपाटीपासून १,२०० मीटरवर, पुन्हा पूर्ण ताकदीने उभा राहतो.

बेटावरचे जाणते लोक म्हणून मोठ्या आरव्हीच्या फंदात पडत नाहीत; तिथे भाड्याने मिळतात त्या छोट्या व्हॅन, ज्यांत मागची बाके काढून गादी टाकलेली असते, किंवा टपावर तंबू बसवलेल्या जीप. टपावरच्या तंबूत शिडीने चढावे लागते. हा मुद्दा कळल्यावर आईने गुडघ्याकडे पाहिले की तक्त्याचे ते पान मिटते.

ज्या स्थळासाठी हा सारा खटाटोप, त्याचाही जन्म नियोजनातूनच झालेला आहे, आणि ते नियोजन आजच्या कुठल्याही तक्त्याला लाजवील असे होते. होनोलुलूतील वृत्तपत्राचे मालक लॉरिन थर्स्टन यांचा किलाउएया ज्वालामुखीच्या कड्यावरच्या 'व्होल्केनो हाऊस' या हॉटेलात पैसा गुंतलेला होता, आणि ज्वालामुखी राष्ट्राच्या मालकीचा झाला तर गिऱ्हाइकांची सोय होईल हे त्यांनी ओळखले. १९०७ मध्ये अमेरिकी संसदेचे पन्नास सदस्य आणि त्यांच्या पत्नी यांना हवाई प्रांताच्या खर्चाने ज्वालामुखी दाखवायला आणण्यात आले आणि लाव्हाच्या उष्ण भेगांवर शिजवलेले जेवण त्यांना वाढण्यात आले. लोकप्रतिनिधींचे मत वळवण्यासाठी जेवणावळी जगभर घातल्या जातात, पण चुलीसाठी थेट पृथ्वीचा गाभा वापरल्याचे उदाहरण विरळाच. थर्स्टन यांना साथ मिळाली ती थॉमस जॅगर या भूशास्त्रज्ञाची. १९०२ मध्ये मार्टिनिक बेटावर माँ पेले या ज्वालामुखीने सुमारे २८,००० माणसांचा बळी घेतला, तो विध्वंस जॅगर यांनी प्रत्यक्ष जाऊन पाहिला होता, आणि ज्वालामुखींचा अभ्यास स्फोटानंतर नव्हे तर त्यांच्या शेजारी कायम मुक्काम ठोकून केला पाहिजे, या निश्चयाने त्यांनी १९१२ मध्ये किलाउएयाच्या कड्यावर वेधशाळा काढली. १ ऑगस्ट १९१६ रोजी राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांच्या सहीने उद्यान स्थापन झाले. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांचा कारभार पाहणारे खाते त्याच महिन्याच्या २५ तारखेला जन्माला आले, म्हणजे हे उद्यान आपल्या खात्यापेक्षा वयाने मोठे आहे, आणि सरकारी नियोजनात आधी कळस मग पाया ही पद्धत केवळ आपल्याकडचीच नाही, याचा तो लेखी पुरावा आहे.

यानंतरचा उद्यानाचा इतिहास म्हणजे सरकारी रस्ते आणि डोंगर यांच्यातील प्रदीर्घ पत्रव्यवहार आहे, ज्यात सरकार डांबराने लिहिते आणि डोंगर लाव्हाने उत्तर देतो. 'चेन ऑफ क्रेटर्स रोड', म्हणजे विवरांच्या साखळीचा रस्ता, १९६५ मध्ये किनाऱ्यावरच्या कलापाना गावापर्यंत नेऊन पूर्ण झाला. १९६९ मध्ये मौना उलू येथे उद्रेक सुरू होऊन त्याने रस्त्याचा मोठा भाग गाडून टाकला. उद्रेक १९७४ मध्ये थांबल्यावर सरकारने नवा मार्ग आखला आणि १९७९ मध्ये तो खुला केला. १९८३ मध्ये पुउ ओओ येथून नवा उद्रेक सुरू झाला आणि १९८६ मध्ये त्याने तो रस्ता पुन्हा तोडला. १९८९ मध्ये किनाऱ्यावरचे वाहाउला येथील पर्यटक केंद्र लाव्हाने जाळले, मात्र शेजारचे प्राचीन देवस्थान आणखी आठ वर्षे तसेच राहिले, ज्याचा भाविकांनी आणि बांधकाम खात्याने आपापल्या परीने अर्थ लावला. २०१४ मध्ये लाव्हा पाहोआ गावाच्या दिशेने निघाला तेव्हा गावाचा मुख्य रस्ता तुटला तर पर्याय असावा म्हणून जुन्या रस्त्याच्या जागी गोठलेल्या लाव्हावरून खडीचा आपत्कालीन मार्ग तातडीने बांधण्यात आला. लाव्हा गावाच्या वेशीवर थांबला, आपत्ती टळली, आणि २०१६ मध्ये डोंगराने तो आपत्कालीन मार्गच ओलांडून समुद्र गाठला. आज हा रस्ता सुमारे ३० किलोमीटरमध्ये ११०० मीटरहून अधिक उतरून समुद्राजवळ संपतो, वाटेत खाणे, पाणी आणि इंधन यांपैकी काहीही मिळत नाही, आणि तळाला पोचल्यावर जड वाहन घेऊन तोच चढ परत चढावा लागतो. नियोजकाच्या तक्त्यात या रस्त्यापुढे 'सनसेट, एक तास' असे लिहिलेले असते.

डोंगराला आपल्या वेळापत्रकात बसवण्याचे याहून थेट प्रयत्नही झाले आहेत, आणि त्यांची तुलना उद्बोधक आहे. १८८१ मध्ये बेटावरच्या मौना लोआ या दुसऱ्या ज्वालामुखीचा लाव्हा हिलो गावाच्या अगदी जवळ आला, तेव्हा हवाईच्या राजघराण्यातील रूथ केएलिकोलानी या लाव्हाच्या तोंडाशी गेल्या आणि ज्वालामुखीची देवी पेले हिला त्यांनी लाल रेशमी रुमाल आणि ब्रँडी अर्पण केली असे परंपरा सांगते, आणि लाव्हा थांबला. १९३५ मध्ये पुन्हा लाव्हा हिलोच्या रोखाने निघाला, तेव्हा जॅगर यांच्या सूचनेवरून २७ डिसेंबरला लष्करी विमानांनी त्याच्यावर बॉम्ब टाकले, आणि या मोहिमेच्या आखणीत पुढे दुसऱ्या महायुद्धात रणगाड्यांसाठी गाजलेले जॉर्ज पॅटन यांचाही हात होता. काही दिवसांतच लाव्हा थांबला. जॅगर यांनी श्रेय बॉम्बना दिले, नंतरच्या भूशास्त्रज्ञांना ते पटले नाही, कारण त्यांच्या मते लाव्हा तसाही थांबण्याच्या बेतात होता. दोन्ही उपायांचा परिणाम सारखाच दिसत असल्याने निवड खर्चाच्या निकषावर करावी लागते, आणि त्या निकषावर ब्रँडी सहज जिंकते.

पेलेचे नाव निघाले आहे तेव्हा दगडांविषयीही सांगितले पाहिजे. उद्यानातून लाव्हाचा दगड उचलून नेणे बेकायदा आहे, आणि शिवाय जो नेईल त्याला पेलेचा शाप लागतो अशी समजूत आहे. या समजुतीला जुन्या हवाईयन परंपरेत आधार नाही असे अभ्यासक सांगतात. तरी नोकरी गेली, घटस्फोट झाला, कुत्रा मेला अशा कारणांच्या चिठ्ठ्यांसह दगडांची पार्सले उद्यानाकडे परत येत असतात. कायद्याचा धाक जिथे पुरा पडत नाही तिथे दंतकथा पोस्टखर्चासह वसुली करते.

मुख्य प्रश्न उरतो तो तारखेचा. अमेरिकेतील अनेक राष्ट्रीय उद्यानांचे तळ सहा महिने आधी आरक्षित करावे लागतात, विमानाची तिकिटे त्याच सुमारास स्वस्त असतात, शाळेच्या सुट्ट्या वर्षभर आधी जाहीर होतात, आणि नोकरीतली रजा मंजूर करून घ्यायला यांपैकी सर्वांहून अधिक काळ लागतो. किलाउएयाला यांतले काहीच कळवलेले नसते. २३ डिसेंबर २०२४ पासून हालेमाउमाउ या विवरात उद्रेकांची जी मालिका सुरू झाली, तिच्यात लाव्हाची कारंजी उडायची, मग थांबायची, काही दिवस किंवा आठवडे शांतता असायची आणि पुन्हा कारंजी उडायची. त्यांतली काही ३०० मीटरहून उंच गेली आणि अनेक उद्रेक दिवसभरसुद्धा टिकले नाहीत. वेधशाळा पुढच्या उद्रेकाचा अंदाज देते, पण तो 'अमुक ते अमुक तारखेच्या दरम्यान' असा असतो, आणि अशा अंदाजावर कॅलिफोर्नियातल्या कचेरीत रजेचा अर्ज करता येत नाही. परिणामी नियोजक मध्यरात्री अंथरुणात फोन उघडून विवराच्या काठावरच्या कॅमेऱ्याचे थेट प्रक्षेपण पाहतो. काळ्या चौकटीत दोन लालसर ठिपके धुगधुगत असतात, कोपऱ्यात वेळ पळत असते आणि बाजूच्या आकड्यावरून कळते की याच क्षणी जगभरातून हजारो लोक त्याच दोन ठिपक्यांकडे पाहत आहेत. त्यांत नियोजकाचे पुण्यातले बाबाही असतात, कारण तिकडे दुपार असते. "तुझ्याकडे ठिपके दोनच दिसतायत का रे? माझ्याकडे तीन आहेत," असा त्यांचा निरोप येतो, आणि तिसरा ठिपका त्यांच्या फोनच्या काचेवरचा असल्याचा उलगडा होईपर्यंत पहाट झालेली असते.

उद्रेक सोयीच्या तारखेला झाला नाही तर सहल वाया जाते असे मात्र नाही. थंड पडलेला लाव्हाही पाहण्यासारखा असतो : कुठे दोरखंडाच्या वेटोळ्यांसारखा गुळगुळीत, ज्याला 'पाहोइहोई' म्हणतात, आणि कुठे पायताण फाडील असा खडबडीत, ज्याला 'आआ' म्हणतात. ही दोन्ही नावे हवाईतून जगभरच्या भूशास्त्रात गेली आणि सह्याद्रीच्या खडकांचे वर्णनही भूशास्त्रज्ञ त्याच नावांनी करतात, कारण महाराष्ट्राचा बहुतेक भाग सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हाच्या थरांचा बनलेला आहे. हा लाव्हा ज्या खोल उष्णस्रोतातून आला, तो आज हिंदी महासागरातील रेयूनियन बेटाखाली असल्याचे मानले जाते. म्हणजे ज्या अभियंत्याने कॅलिफोर्नियात बसून लाव्हा पाहण्यासाठी एवढा मोठा तक्ता केला, तो लहानपणी दर रविवारी सिंहगडावर त्याच वस्तूवर बसून पिठलं-भाकरी खात होता. त्याला पोचायला थोडा उशीर झाला होता, एवढेच.

या सर्व प्रकरणातील सर्वांत मोठा विरोधाभास मात्र पर्यटकाचा नाही, बेटाच्या रहिवाशांचा आहे. अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षण संस्थेने बेटाचे लाव्हाच्या धोक्यानुसार नऊ विभाग पाडलेले आहेत आणि पहिल्या विभागात जमीन स्वस्त, विमा महाग असे गणित असते. २०१८ मध्ये पूर्वेकडच्या पुना भागात जमीन फाटून लाव्हा आला आणि सुमारे ७०० घरे गेली. उद्यान ११ मेपासून २२ सप्टेंबरपर्यंत बंद राहिले. कड्यावरची वेधशाळा भूकंपांनी राहण्याजोगी उरली नाही आणि ज्वालामुखीशेजारी कायम मुक्काम करण्यासाठी स्थापन झालेल्या संस्थेला हिलोला बिऱ्हाड हलवावे लागले. जगात कुठे चाकांवरच्या घराची निकडीची गरज असेल तर ती इथे आहे, आणि संध्याकाळी सहानंतर ते रस्त्यावर उभे करून राहण्यास मनाई आहे तीही इथेच.

पण कायद्याला न जुमानता हलणारे एक घर बेटावर आहे, ते म्हणजे खुद्द बेट. ज्या भूपट्टावर हवाईची बेटे वसलेली आहेत, तो दरवर्षी ७ ते १० सेंटिमीटर वायव्येकडे सरकतो, खालचा उष्णस्रोत जवळपास जागच्या जागी राहतो, आणि त्यामुळे जुनी बेटे स्रोतापासून दूर जाऊन विझतात व मागे नवे बेट तयार होते. या हिशेबाने पुढचे बेट ठरलेले आहे. किनाऱ्यापासून सुमारे ३५ किलोमीटरवर कामाएहुआकानालोआ नावाचा ज्वालामुखी समुद्राखाली वाढतो आहे. त्याचा माथा अजून पाण्याखाली सुमारे ९७५ मीटरवर असून तो वर यायला १०,००० ते १,००,००० वर्षे लागतील असा अंदाज आहे. त्याचे आरक्षण अद्याप खुले झालेले नाही, तिथपर्यंत रस्ता असणार नाही हे उघड आहे, आणि टाक्या रिकाम्या करण्याची सोय तिथे तरी असावी, असे आईचे म्हणणे आहे.